अर्धं जोत

तुळसाने गोठ्याचं दार लोटलं आणि बैलाच्या गळ्यातलं दावं सोडलं. हाकललं नाही, पाठीवर थापही मारली नाही. चांद्या आपणहून बाहेर आला, अंगणातल्या चिखलातून पाय उचलत चालला आणि पडवीकडे मान न वळवता कुंपणातल्या मोकळ्या जागेतून धोंडूच्या अंगणात शिरला. तिकडे धोंडूचा बाळ्या खुंट्याला उभा होता. चांद्या त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि शेपटीने माश्या वारू लागला.

पडवीत चहाचा कप घेऊन बसलेला काशीराम हे आषाढ लागल्यापासून रोज बघत होता. बैल आपल्या गोठ्यातला, आपल्या गवतावर पोसलेला, आणि सकाळ झाली की तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे. बैलामागून तुळसा जायची. खांद्यावर कुदळ, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. जाताना म्हणायची, "टोपात भाकरी हाय. येते."

धोंडू नांगर खांद्यावर टाकून बैलांसह तिच्यामागून निघायचा. दोघं बोलायची नाहीत. काशीरामला सोसत नव्हतं ते हेच. दोन माणसं हसली, चेष्टा केली, तर त्यात बोट ठेवायला जागा सापडते. ही दोघं शेताच्या बांधावरून, मेरेवरून, एकामागून एक चालायची, आणि पुढे निसरडं आलं की तुळसा कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. तेवढ्याने मागचा धोंडू बैलांना थोपवायचा.

जोत दोन घरांचं होतं. एक बैल या घरचा, एक त्या घरचा. धोंडू नांगर धरायचा, तुळसा नांगर पोचत नाही ते कोपरे कुदळीने खणायची, मेर लिंपायची. आधी एका घरचे कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, मग दुसऱ्या घरचे. बैल म्हातारे झाले, मेले, नवे आले. जोत तेच राहिलं. आणि ते काशीरामनेच बांधून दिलं होतं. मुंबईला कॅन्टीनमध्ये लागला तेव्हा हातखंब्याच्या तिठ्यावर गाडीची वाट बघताना त्याने चुलतभावाला सांगितलं होतं, "माझा एक, तुझा एक. वैनीला काय लागला तर बग."

धोंडूने बघितलं. अर्धं आयुष्य बघितलं.

काशीराम नोकरी संपवून गावी आला तो गेल्या दिवाळीत. बॅग ओटीवर ठेवली, पाय धुतले, आणि तुळसाने चुलीपाशी चहा टाकताना विचारलं, "साखर किती घालू?" बोलण्यात काही वावगं नव्हतं. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार दिवस येणाऱ्या माणसाची साखर लक्षात कशी राहणार? पण त्याच संध्याकाळी धोंडू आला, पडवीच्या खांबाला पाठ लावून बसला, आणि तुळसाने न विचारता त्याच्यापुढे कोरा चहा ठेवला. बशीत गुळाचा खडा.

दुसऱ्या दिवशी काशीरामने त्या खांबापाशी भाताचं पोतं आणून ठेवलं. धोंडूने पोतं बघितलं आणि पायरीवर बसला. तुळसाने पोतं बघितलं आणि त्याला वळसा घालून गेली. पोतं अजून तिथेच होतं.

आषाढातल्या त्या सकाळी, चांद्या गेल्यावर, तो भाकरी न खाता शेतावर गेला. पाऊस बेताचा होता. वरच्या कुणग्यात चिखलणी चालली होती. पायजमा वर करून तो चिखलात उतरला आणि धोंडूला म्हणाला, "दे इकडं. मी धरतो."

"दादा, कशाला? अंग भरल."

"शेत माझा हाय ना?"

धोंडूने बैल थांबवले आणि बाजूला झाला. काशीरामने नांगराची मूठ धरली. लहानपणी बापाच्या हाताखाली धरली होती, हाताला ते आठवेल असं त्याला वाटलं होतं. त्याने बैलांना हाक दिली. बैलांनी कान हलवले. पुन्हा हाक दिली. चांद्याने मान वळवून धोंडूकडे बघितलं. धोंडूने जिभेने नुसता टक् आवाज केला आणि दोन्ही बैल एकदम निघाले. काशीरामच्या हातातली मूठ निसटली, पाय मागे राहिले आणि तो चिखलात गुडघ्यांवर, मग हातांवर गेला. तोंडात मातीचं पाणी.

तुळसा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने येऊन त्याच्या काखेत हात घातला, त्याला उठवलं आणि म्हणाली, "तुमी मेरेवर बसा."

मेरेवर एक सपाट दगड होता. त्याच्या कडेला सगुणा, धोंडूची बायको, पेजेची हंडी मांडीशी धरून बसलेली होती. सगुणा चिखलात उतरायची नाही. तिला चिखल्या व्हायच्या, बोटांच्या बेचक्या फाटायच्या, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. तिने सरकून जागा केली. काशीराम तिथे बसला नाही. थोडं लांब, वरच्या अंगाला उभा राहिला आणि चिखलाने बरबटलेल्या हातांचं काय करावं ते न कळून ते शर्टाला पुसत राहिला.

न्याहारीला दोघं वर आली. धोंडूने पऱ्याच्या वाहत्या पाण्यात हात धुतले, वाटी घेतली आणि म्हणाला, "वैनी, गुडगा काय बोलतोय?"

"बरा हाय आज."

"काल संध्याकाळचा कुरकुरत होता."

"काल पानी जास्त होता ना."

काशीरामने मान वर केली. गुडघा? कुठला गुडघा?

संध्याकाळी तुळसा पायऱ्यांवर बसून पायांचा चिखल खरवडत होती. तो तिच्यामागे उभा राहिला.

"धोंडूला तुझा गुडगा म्हायती हाय."

"रोज बगतो. म्हायती असनारच."

"मला नाय सांगितलास."

"तुमी फोन करायचात तवा इचारायचात, सगळा बरा ना? मी सांगायची, बरा." तिने तांब्यातलं पाणी पायावर ओतलं. "त्यात गुडगा कुठं सांगू?"

"कनचा दुखतो?"

ती उठली. खांबाला धरून उठली, पण काशीराम तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, पायांकडे नाही. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चहा टाकते."

मग दापोलीहून शमिकाचा फोन आला. लेक तिकडे शाळेत शिकवत होती, दर दोन दिवसांनी फोन करायची. तुळसाने कामाचा हात पुसून फोन कानाला लावला. "व्हय गो. चिखलनी चाललीय. पाऊस हाय. बाबा? बाबा बरे हायत. मी? मी बरी. सगळा बरा हाय."

काशीराम समोरच बसला होता. ते "बरा" त्याने आयुष्यभर फोनच्या दुसऱ्या टोकाला ऐकलं होतं. ते बोलताना तिचं तोंड कसं होतं ते त्याने पहिल्यांदा बघितलं. कपाळावर आठी, डोळे बंद, आणि मोकळा हात भिंतीवर टेकलेला. आवाज मात्र तस्साच गुळगुळीत. हे बघून त्याला कळवळा यायला हवा होता. आला तो राग. धोंडूने हे तोंड रोज बघितलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो वाडीच्या दुकानावर गेला. तिथे सुजय आणि दर्शना आपला पॉवर टिलर धूत होती. नवरा-बायको दोघं मिळून धंदा करायची. तो टिलर चालवायचा, ही फोनवर कामं घ्यायची, डिझेल आणायची, आणि सबंध रस्ताभर दोघं भांडत जायची. टिलरच्या आवाजाआधी त्यांचा आवाज पोचतो, अशी वाडीत थट्टा होती.

"तुला सांगितला, नट घट्ट कर! कान हायत की भेंडं?" दर्शना म्हणत होती.

"तू कर. तुझी जीभ लाव, आपोआप घट्ट होईल." सुजयने काशीरामला बघून हात पुसले. "काय काका? अजून बैलच? सगळ्या वाडीत तुमच्या दोन घरांचा तेवढा जोत ऱ्हायलाय."

दुकानाच्या बाकावर बसलेला एकजण बिडी विझवत म्हणाला, "आरे, ता काय साधा जोत हाय? बैल अर्धा अर्धा, बाकी सगळा सामायिक."

बाकावर हशा पिकला. दर्शनाने मान वर करून त्या माणसाकडे असं बघितलं की हसू अर्ध्यावर थांबलं. पण काशीरामच्या कानात ते शिरायचं ते शिरलं. तो म्हणाला, "सुजय, उद्या सकाळी ये. वरचा कुणगा अर्धा ऱ्हायलाय, टिलर घाल."

"आनि बैल?"

"बैलाचा मी बगतो."

घरी त्याने कुणाला सांगितलं नाही. सकाळी तुळसा व्हाळावर कपडे धुवायला गेली होती तेवढ्यात तो धोंडूच्या अंगणात गेला. चांद्या आणि बाळ्या जुवाखाली उभे होते. काशीरामने जुवाची दोरी सोडली, चांद्याला बाहेर काढलं आणि म्हणाला, "यंदापासना टिलर. तुझा बैल तुला, माझा मला."

धोंडूच्या हातात नांगर होता. तो त्याने हळूच जमिनीवर ठेवला. "वैनीला म्हायती हाय?"

हा एकच प्रश्न त्याने विचारायला नको होता. "घरात काय सांगायचा ता मी बगीन," काशीराम म्हणाला. "एका बैलावर तुझा होनार नाय म्हायती हाय मला. तू पन टिलर घाल. ह्या वाडीत कुनाचं अडत नाय."

"बरा," धोंडू म्हणाला. त्याने बाळ्याच्या मानेवरून हात फिरवला, मोकळं झालेलं जू उचलून पडवीत उभं केलं आणि आत गेला. भांडला नाही. काशीरामला भांडण हवं होतं, आणि हातात फक्त दाव्याचं टोक होतं. चांद्या पाय रोवून उभा राहिला. त्याला ओढत, काठी मारत त्याने घरी आणला आणि गोठ्यात बांधला. दारामागून तो हंबरत होता.

सुजयने टिलर वरच्या कुणग्यात उतरवला. दर्शना मेरेवरून चालत होती आणि ओरडत होती, "मेरेजवळ नको नेऊस! बायच्यान, मेर कच्ची हाय!"

"कोपरा ऱ्हातो ना!"

"कोपरा ऱ्हाऊ दे! कोपऱ्याला बायका असतात कुदळी घेऊन!"

सुजयने ऐकलं नाही. कोपरा साधायला त्याने टिलर तिरका घातला, एक चाक मेरेवर चढलं, आणि मेर आतून पाणी खाल्लेल्या भाकरीसारखी बसली. टिलर आडवा झाला. सुजय उडी मारून वाचला. वरच्या कुणग्यातलं सगळं साचलेलं पाणी, नुकताच झालेला चिखल, दगड, मेरेची माती, सगळं एका दमात खाली गेलं. खाली धोंडूचा तरवा होता, लावणीची भातरोपं. टीचभर उंच, पोपटी, दोन दिवसांत काढायला आलेला. एका क्षणात तो दिसेनासा झाला. वर फक्त लाल गाळ आणि कुठेकुठे पातीची टोकं.

"सांगितला होता!" दर्शना किंचाळली. "सांगितला होता ना, मेल्या!" आणि बोलता बोलताच ती साडीसकट चिखलात उतरली. दोघांनी टिलरचा दांडा धरला, ती शिव्या देत होती, तोही देत होता, आणि दोघांचे हात एकाच वेळी जोर करत होते. तिसऱ्या हिसक्याला टिलर सरळ झाला. सुजयच्या कोपरातून रक्त येत होतं. दर्शनाने पदराचं टोक फाडून त्यावर गुंडाळलं आणि शिवी देतच गाठ मारली.

काशीराम बघत उभा होता. सगळ्या जगात आपल्यालाच कुणी शिवीसुद्धा देत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

व्हाळावरून तुळसा आली ती धावतच. कपड्यांची बादली तिने मेरेवर टाकली. तिने टिलर बघितला, मेर बघितली, खाली बघितलं. नवऱ्याकडे बघितलं नाही. खालच्या गाळात उतरून ती वाकली आणि बोटांनी माती बाजूला करून रोपं वर काढू लागली. एक एक मूठ. उपटायची, पाण्यात खळबळायची, मोळी बांधून बाजूला ठेवायची. गाळाखाली राहिला तर तरवा उद्यापर्यंत कुजणार, आणि तरवा गेला तर धोंडूच्या घरचं वर्षाचं भात गेलं, हे सांगायला कुणी नको होतं. थोड्या वेळाने धोंडू आला. तोही तिच्या शेजारच्या ओळीला वाकला.

वर मेरेवर सगुणा आली. डोक्यावरची हंडी उतरवून ती आपल्या नेहमीच्या दगडाशी बसली.

"बसा दादा," ती म्हणाली. "उभा ऱ्हाऊन मेर बांधली जात नाय."

या वेळी काशीराम बसला. पाऊस पुन्हा लागला होता. बारीक, चिकट. खाली दोन पाठी वाकलेल्या होत्या.

"सगुणा, एक इचारू?"

"इचारा."

"तुला कदी काय वाटला नाय? इतकी वर्सा?" त्याने हनुवटीने खाली दाखवलं.

सगुणाने त्याच्याकडे बघितलं. मिश्रीने काळे पडलेले दात दिसले. ती हसत होती. तिने आपले पाय पुढे केले. बोटांच्या मधे पांढरट, फाटलेली कातडी. "ह्या चिखल्या आता हायत. तवा नव्हत्या."

"म्हंजे?"

"तुमी मुंबयला गेलात त्या पावसात मी घरात भाकऱ्या थापीत होते. रोज भाकरी करपायची. डोळ्यापुढं हेच. म्होरं तुळसा, मागं आमचा मानूस. मग सासूला सांगितला, माझ्या पायाला चिखल्या झाल्या, मी चिखलात उतरत नाय, पेज पोचवते. पेज कसली! राखनीला आले. हितंच बसले, ह्याच दगडावर."

काशीरामने दगडाकडे बघितलं.

"बगत बसले. पन मानूस किती बगनार? नांगर जातो, नांगर येतो. शेवटी मलाच कंटाळा आला. एक दिवस उठाय लागले, तर तुळसा चिखलातना वरडली. 'सगुणा, उठू नको. तू हितं बसलीस तर मी कुदळ धरीन. नायतर मी पन घरी जाते.'" तिने हंडीवरचं झाकण नीट केलं. "तिला कळला होता, माझ्या पायाला काय झाला नाय. कुनाला बोल्ली नाय. अजून नाय बोल्ली."

"आनि धोंडू?"

"त्याला कळला नसल? तो पेजेला वर येतो ना, तवा हात धुवायच्या आदी माझ्याकडं बगतो. राग हाय का बगतो. पैल्या वर्सापासना. आता कसला राग, पन बगायचा काय सोडला नाय. तुमी बगा नीट. बगायला पन शिकावा लागता."

पाऊस थोडा वाढला. सगुणाने खोळ पुढे ओढली आणि त्यातूनच म्हणाली, "आनि जळता फकस्त तुमालाच येता काय? तुमचा फोन यायचा ना बूथवर? फोन ठेवून ती माझ्या चुलीपाशी यायची. 'फोनात त्यांच्या मागं बायका हसत होत्या गो.' दोन दोन दिवस नीट जेवायची नाय."

काशीरामला ती कॅन्टीनची भिंत आठवली. फोन तिथे होता आणि खाली कांदे सोलायला बायका बसायच्या. कांद्याने डोळे गळायचे आणि त्या हसायच्या. कशाला हसायच्या ते त्याने कधी ऐकलंही नव्हतं.

"त्या कांदे सोलायच्या," तो म्हणाला.

"मला काय सांगताव? तिला सांगायचात."

"तिनं इचारला नाय."

"तुमी तरी काय इचारलात?" सगुणा म्हणाली आणि हंडी मांडीवर घेतली. खालून धोंडू वर येत होता. मेरेवर पाय ठेवण्याआधी, चिखलाचे हात तसेच धरून, त्याने आपल्या बायकोकडे बघितलं. एवढुसं बघितलं. सगुणाने मान हलवली. मग तो पऱ्याकडे हात धुवायला गेला.

मागून तुळसा आली. काशीरामने तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून पायांकडे बघितलं. मेरेवर चढताना तिने डावा पाय आधी टाकला, हात जमिनीला टेकला, आणि उजवा पाय मागून तसाच, न वाकवता, ओढून घेतला.

तिन्हीसांजेपर्यंत तरवा निघाला. मोळ्या पऱ्याच्या पाण्यात उभ्या करून ठेवल्या. उद्या लागल्या तर जगतील. पण धोंडूच्या खालच्या कुणग्यात अजून चिखलणी झालेली नव्हती. सुजयचा टिलर पाणी शिरून बंद पडला होता.

घरी आल्यावर तुळसाने चूल पेटवली, भात टाकला, ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. गोठ्यात चांद्या हंबरत होता.

"सकाळी बैल लागल त्यांना," काशीराम म्हणाला.

"लागल."

"सोडशील ना?"

तुळसाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "माझा बैल मला न इचारता सोडवून आनलात. त्याला काठी मारलीत, पाठीवर वळ हाय. मी सोडनार नाय." ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "तुमी तोडलात. तुमी बांधा. नायतर कुजू दे तरवा."

"घरचा बैल हाय," तो म्हणाला, पण आवाज कमी पडला.

"घर कुनी राखला?"

तो जेवला. मग उठून खांबापाशी गेला आणि भाताचं पोतं ओढत ओढत पुन्हा आत नेऊन ठेवलं. तुळसा भांडी घासत होती. राखेच्या हाताने तिने केस मागे सारले. तिने बघितलं की नाही, कळलं नाही.

उजाडायच्या आधी काशीरामने गॅस पेटवला. एवढं एक काम त्याच्या हाताला येत होतं. मोठं पातेलं चढवलं, तांदूळ धुतले, पेज ढवळत राहिला. सुकट भाजली, कांदा बारीक चिरला. तुळसा उठून दारात आली, चूळ भरायचा तांब्या हातात घेऊन बघत राहिली आणि मागल्या दारी गेली.

मग तो गोठ्यात गेला. चांद्याच्या पाठीवर कालचा वळ उठला होता. त्याने त्याला हात लावायचं धाडस केलं नाही. दावं सोडलं. ओढायची तयारी ठेवून उभा राहिला, पण ओढावं लागलं नाही. बैल बाहेर पडला, अंगण ओलांडलं, कुंपणातल्या मोकळ्या जागेकडे वळला. बैलाला वाट ठाऊक होती. काशीराम त्याच्यामागून गेला.

धोंडू अंगणात दात घासत होता. त्याने चांद्याला बघितलं, मग काशीरामला.

"बैल आनलाय," काशीराम म्हणाला.

"बगतो हाय."

"धोंडू, काल मी…"

धोंडूने चूळ टाकली. "दादा, जू तिकडच्या अंगाना उचल," तो म्हणाला. "एकट्याना जड होता."

दोघांनी जू उचललं. चांद्याने मान खाली घातली.

खालच्या कुणग्यात चिखलणी चालली. पुढे तुळसा कोपरे खणत होती, मागे धोंडू नांगर धरून होता. नांगर वळायच्या आत ती कोपऱ्यातून बाहेर निघायची, कुणी कुणाला हाक न मारता. काशीराम मेरेवर, सगुणाच्या दगडाच्या दुसऱ्या अंगाला, पातेलं घेऊन बसला होता. पोटात जळत होतं तसं जळतच होतं. ते कुठे जाणार होतं? पण आज तो बघत होता ते वेगळं. तुळसा वाकते तेव्हा अंग डाव्या पायावर टाकते. पाणी खोल असलं की दोनदा पाऊल चाचपते. वर येण्याआधी एकदा थांबते, श्वास घेते, मग चढते.

न्याहारीला दोघं वर आली. धोंडूने आधी सगुणाकडे बघितलं, मग हात धुवायला गेला. तुळसाने पातेल्यात डोकावलं.

"केवढी ही पेज? सगळ्या वाडीचा जेवन हाय काय?"

"हाताला सवय नाय थोडक्याची," काशीराम म्हणाला.

सगुणा खोळीत तोंड लपवून हसली. तिची हंडी आज तशीच झाकलेली राहिली. तुळसाने वाटी घेतली, फुंकर घालून एक घोट घेतला. मीठ कमी-जास्त काही म्हणाली नाही. दुसरा घोट घेतला.

धोंडू येऊन बसला. वाटी तोंडाला लावता लावता त्याने रोजच्यासारखं विचारलं, "वैनी, गुडगा काय बोलतोय?"

तुळसा तोंडातला घास संपेपर्यंत थांबली. मग काशीरामकडे हनुवटी केली. "त्यांना इचारा."

धोंडूने मान वळवली. सगुणानेही. काशीरामच्या हातात पळी तशीच राहिली. धोंडूला उत्तर माहीत असणार, आपल्याआधी कितीतरी वर्षं माहीत असणार, हे त्याला काट्यासारखं टोचलं.

"उजवा," तो म्हणाला. "उतरताना येवढा नाय. चढताना दुखतो."

तुळसाने रिकामी वाटी त्याच्यापुढे धरली.